कढीपत्ता हलेना

*खोका. वर मार्करने: देव.*

बदलीची ऑर्डर आली. झाशी, हरिद्वार, भोपाळ, आता पुढचं गाव. मंजूषाने प्रत्येक ठिकाणी झाडं कुंडीतच लावली. भोपाळात बरखेड्याच्या क्वार्टरला अंगण होतं, काळीभोर माती होती. तरीही कुंडीच. "जमिनीत कशाला? बदलीची माणसं आपण."

*खोका. किचन, काच, सांभाळून.*

कढीपत्ता सांगलीचा. लग्नानंतर आईने दिलेला. पुढे आई गेली, घर विकलं, हा राहिला. फोडणीआधी पानं तोडायची, बोटं हुंगायची, आत पळायचं. झाडाकडे तिने एवढंच पाहिलं होतं. हा तरी बरोबर यावा, एवढंच तिला हवं होतं.

*खोका. पुस्तकं. फार जड.*

ट्रक दारात. हमालाने अंगणातली कुंडी धरली, ओढली, सोडली.

"मैडम, ये तो हिल ही नहीं रहा."

"सरका. इंजिनिअर आहे मी," म्हणत श्रीकांत, तिचा नवरा, वाकला. वाकलेलाच राहिला. "अगं, बुडाच्या भोकातून मूळ गेलंय खाली. चांगलं मनगटाएवढं."

"कापा मग."

"जगेल?"

"तुम्ही इंजिनिअर ना?"

"मशीनचा गं."

सायली, त्यांची लेक, भोपाळात वाढलेली, पायरीवरून म्हणाली, "मम्मी, उसका मन लग गया यहाँ. छोड़ ना."

"तुझ्या आजीचं आहे ते!"

"हां तो? आजी थोडीच कुंडीत राहायची."

*(या खोक्यावर काही लिहिलं नाही.)*

मंजूषा खाली बसली. माती उकरली. गार, ओली. नखांत गेली. मूळ नळाच्या दिशेने गेलं होतं, तिला न विचारता.

नळाजवळ ती रोज बादली लावायची. तिथेच, भिंतीच्या आडोशाला, वीतभर रोप. पानं तीच. कधी फुटलं?

पान चुरगाळलं. वास तोच. फक्त याने सांगली पाहिलेली नव्हती.

"हातोडी द्या."

"पॅक झाली."

"उघडा खोका."

कुंडी फुटली. तिने झाडाभोवती माती ओढली, दोन्ही हातांनी थापली, नळ सोडला. झाड जरा कललेलं होतं. राहू दे, होईल सरळ. नाहीतर नाही.

मग नळाजवळचं रोप हळूच मुळापासून वेगळं केलं, ओल्या गोणपाटात बांधलं. हमालाने रिकामी कुंडी पुढे केली. तिने नको म्हणून मान हलवली.

"अहो, तिकडे फोन लावा. तिसऱ्या मजल्याचं क्वार्टर नको. तळमजला मागा."

"तळमजल्यावर डास असतात, तूच म्हणतेस."

"चावू देत."

श्रीकांतने फोन लावला. ती गोणपाट पोटाशी धरून उभी.

"हो, तळमजलाच... नाही हो, गुडघे ठीक आहेत दोघांचे. झाड लावायचंय."