एका गुणाचा प्रश्न

आमच्या वर्गातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, इंग्रजीचा एक शब्द त्याला येणारच. अबँडन. म्हणजे सोडून देणे. शब्दांच्या पुस्तकात पहिल्या पानावर पहिला तोच आहे. लोक दर वर्षी नव्या उमेदीनं पुस्तक उघडतात, अबँडनपासून सुरुवात करतात, सातव्या-आठव्या पानापर्यंत जातात आणि सोडून देतात. पुढच्या वर्षी पुन्हा अबँडन.

मी तान. चीनमधल्या गान्सू प्रांतातल्या या वाळूनं भरलेल्या गावात मी एकोणीस वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवतोय. शिकवतोय म्हणणं जरा जास्तच झालं. मी पास करून देतो. माझ्याकडे येतात ते बँकेतले कारकून, प्राथमिक शाळेचे मास्तर, इस्पितळातल्या नर्सेस. लवकर नोकरीला लागलेली, उशिरानं पदवीच्या मागे धावणारी माणसं. बाकीचे सगळे विषय पोस्टानं अभ्यास करून सुटतात आणि इंग्रजीपाशी घोडं अडतं. इंग्रजी सुटल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय बढती नाही. मग ज्यांना जन्मात कधी गोऱ्या माणसाशी बोलायचं नाही, तीही माणसं रविवारी सकाळी गरम पाण्याची बाटली घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात.

परीक्षेत बोलायचं नसतंच. चार पर्याय, त्यातल्या एकावर खूण. शंभरात साठ हवे. म्हणून मी भाषा शिकवत नाही, खुणा शिकवतो. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असला तर आखूड पर्यायावर खूण करा. काहीच कळलं नाही तर तिसऱ्यावर करा. जिथे वेळ जास्त आणि गुण कमी, ते ऑप्शनला टाका. माझा निकाल जिल्ह्यात सगळ्यात चांगला. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मियाओ शूछीन ही इस्पितळातली नर्स. वय एकोणचाळीस. अठरा वर्षं कंत्राटावर. कायम नोकरीसाठी पदवी हवी आणि वय चाळिसाच्या आत हवं, असा नियम त्या वर्षी आला. म्हणजे एप्रिलची परीक्षा ही तिची शेवटची. आधी एकदा तिला सत्तावन्न मिळाले होते, एकदा अठ्ठावन्न.

"सर, दोन गुण कुठे हरवले असतील हो?" ती विचारायची.

"तुझ्या नवऱ्याच्या खिशात बघ," मागच्या बाकावरचा बँकवाला म्हणायचा. "त्याला लपवायची सवय आहे ना?"

"त्याच्या खिशात भोकं आहेत. गुण असते तर कधीच पडले असते."

वर्ग हसायचा, तीही हसायची. पण तिच्या वहीकडे पाहिलं की माझं हसू जायचं. पुस्तकात नसलेले शब्दसुद्धा ती लिहून ठेवायची. ताप, रक्तदाब, ॲलर्जी, गोळ्यांची आणि इंजेक्शनांची नावं. मी एकदा म्हटलं, "अगं बाई, हे परीक्षेला येत नाही." तर म्हणाली, "परीक्षेला नाही, पण वॉर्डात येईल की कधीतरी." तिला वॉर्डातल्या सगळ्या जणी छीनताई म्हणत. पवनचक्कीची पाती बनवणारा कारखाना गावाबाहेर आला होता. तिथे परदेशी इंजिनियर होते, त्यांच्यासाठी मागवलेल्या औषधांच्या खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला तिलाच बोलवत. त्याचं तिला केवढं कौतुक.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही संवादांचा धडा काढला. पान शहाऐंशी. त्यात एक माणूस दुसऱ्याला विचारतो, तू जेवला नाहीस? तो जेवलेला नाही. बरोबर उत्तर काय, येस की नो?

सगळ्या वर्गानं येसवर खूण केली होती. उत्तर होतं नो.

शूछीननं हात वर केला. "सर, असं कसं? जेवला नाहीस? हो, नाही जेवलो. असंच म्हणतो ना आपण?"

"पोटात काही नाही म्हणून नो," बँकवाला म्हणाला.

"गप रे तू. सर, सांगा ना."

खरं सांगायचं तर हे समजावताना मला दर वर्षी घाम फुटायचा. कारण मी हा धडा समजावायला लागलो की माझाच गोंधळ व्हायचा, आणि प्रौढ माणसांसमोर गोंधळणं मला सहन होत नाही. शिवाय साडेअकरा वाजले होते. खालच्या नूडलवाल्याकडे बाराच्या आत नाही पोचलं तर मांसाचे तुकडे संपतात, नुसतं पाणी उरतं.

"हा प्रश्न एका गुणाचा आहे," मी म्हणालो. "कधी येतो, कधी येतही नाही. ऑप्शनला टाका. शूछीन, तुझे दोन गुण शब्दयोगी अव्ययांत आहेत. तिथे डोकं लाव."

तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी जिना उतरून नूडल खायला गेलो.

त्या नूडलवाल्याकडेच मी ग्रॅहमला पाहिलं होतं. कारखान्यातला ऑस्ट्रेलियन इंजिनियर, पन्नाशीचा, नाक सदा लाल. आमची भाषा बोलायचा ती अशी की मालकाची बायको तोंडावर हात ठेवून हसायची. तिखट जास्त मागायचा, मग खोकायचा, मग खिशातून निळा पंप काढून तोंडात दोनदा दाबायचा आणि पुन्हा वाटीवर तुटून पडायचा. त्याला दम्याचा त्रास होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. इस्पितळाला मात्र नव्हतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी त्याला आणलं, ताप चाळीस अंश सेल्सियसच्या वर. कंपनीचा दुभाषा लान्चौ शहरात गेला होता. डॉक्टरांना ताप उतरवायचं इंजेक्शन द्यायचं होतं, आमच्याकडे सगळ्यांना देतात तेच, ॲस्पिरिनचं. ते म्हणाले, "छीनताईला बोलवा." ती आली तशी म्हणाले, "विचार गं त्याला, ॲस्पिरिनची ॲलर्जी वगैरे नाही ना?"

तिनं विचारलं. शब्द तिच्याकडे होतेच. ॲलर्जी तिच्या वहीत होतं, ॲस्पिरिन तिच्या वहीत होतं. आपण विचारतो तसंच तिनं इंग्रजीत विचारलं: तुम्हाला ॲस्पिरिनची ॲलर्जी नाही ना?

ग्रॅहम धापा टाकत होता. तो म्हणाला, "येस. येस."

तिनं कागदावर लिहिलं: ॲलर्जी नाही.

अर्ध्या तासात त्याची छाती आवळली. ओठ निळे पडले. त्याचा पंप कारखान्यातल्या कोटात राहिला होता. पाच वाजता तो गेला.

हे सगळं तिनंच मला सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी. वर्ग नऊला भरतो, ती आठलाच येऊन दाराशी उभी होती. मी कुलूप काढलं. तिनं बाटलीसुद्धा बाकावर ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

"सर, दुभाषा म्हणतो त्याला ॲलर्जी होतीच. त्याच्या पाकिटात तसं कार्ड होतं. मग तो मला येस का म्हणाला?"

मी किल्ली खिशात ठेवली.

"डॉक्टर म्हणतात तापात बरळला असेल. मलाही तसंच वाटतं. पण त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं हो. दोनदा. नीट बघून." तिनं वही उघडली. "सर, पान शहाऐंशी. आता तरी सांगा."

मी खडू घेतला. फळ्यावर लिहिलं: आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. गोरा माणूस वस्तुस्थितीला हो म्हणतो. ॲलर्जी नाही ना, असं कोणी विचारलं आणि ॲलर्जी नसेल, तर आपण म्हणतो हो. तो म्हणेल नो. ॲलर्जी असली तर तो म्हणेल येस. प्रश्न कसाही विचारा, त्याला फरक पडत नाही.

तीन मिनिटं लागली. एकोणीस वर्षं मी जे टाळलं त्याला तीन मिनिटं लागली. आणि गोंधळलोही नाही.

ती फळा वाचत राहिली. मग तिनं बाटली हळूच बाकावर ठेवली. "म्हणजे तो मला सांगत होता," ती म्हणाली. "तो नीट सांगत होता, आणि मी 'नाही' असं लिहिलं." मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि मी खडू हातात धरून उभा राहिलो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. जिन्यावर बँकवाल्याची पावलं वाजली तेव्हा मी आधी फळा पुसला. हे मला आजही आठवतं, की मी आधी फळा पुसला.

चौकशी पुढच्या आठवड्यात बसली. ग्रॅहमची बायको पर्थहून येणार होती, कंपनी तगादा लावत होती, कोणाचं तरी नाव हवं होतं. इस्पितळाचे उपअधीक्षक ल्याओ म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. त्यांनी मला बोलावलं, स्वतः चहा ओतला. शूछीन टेबलाच्या टोकाला बसली होती, गणवेशात नाही, साध्या करड्या कोटात. टेबलावर तिची वही उघडी पडली होती.

"तान सर, तुम्ही विद्वान माणूस," ल्याओ म्हणाले. "या मियाओबाई म्हणतात की असे प्रश्न वर्गात शिकवलेच नाहीत. तुम्ही म्हणे ऑप्शनला टाकायला सांगितलं. पुरावा म्हणून ही वही दाखवतात. अहो, पण हे तर त्यांचंच अक्षर!"

मी वहीकडे पाहिलं. तिचं गोल, टपोरं अक्षर. पान ८६. त्याखाली: तान सर म्हणाले, ऑप्शनला टाका. एक गुण.

"आता बघा," ल्याओ माझ्याकडे वाकले, "नर्सेसना तुमच्या वर्गात इस्पितळच पाठवतं. पत्रावर सही माझी आहे. शिकवण्यात खोट निघाली तर खोट तुमची, आणि थोडी आमची. एका माणसाकडून चूक झाली असेल तर गोष्ट वेगळी. बरोबर ना?"

कारकून पेन उघडून बसला होता. बाहेर कोळशाची गाडी उलटी येत होती, तिची शिटी वाजत होती.

"तर मला एवढंच सांगा," ल्याओ म्हणाले. "तो धडा तुम्ही ऑप्शनला टाकला नव्हता ना?"

मला काय काय दिसलं ते सांगतो. माझा वर्ग दिसला. भिंतीवरची निकालाची पाटी दिसली. पेन्शनला उरलेली चार वर्षं दिसली. शूछीन मात्र दिसली नाही, कारण मी तिच्याकडे बघितलंच नाही.

मी म्हणालो, "हो."

कारकुनानं लिहिलं: धडा शिकवला होता.

त्या क्षणी माझ्या मनात एक नीच विचार आला, आणि त्याची लाज मी मरेपर्यंत बाळगणार आहे. मला वाटलं, इंग्रजीत मी खरं बोललो. टाकला नव्हता ना? येस. म्हणजे टाकला होता. कोणा गोऱ्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला खरं कळलं असतं. पण त्या खोलीत गोरा माणूस नव्हता. एक होता तो बर्फाच्या पेटीत पडला होता.

ल्याओंनी माझा हात हातात घेतला. निकाल तिथल्या तिथे वाचला: कंत्राट रद्द, नर्सिंगचा परवाना काढून घ्यायची शिफारस, प्रकरण पुढे पोलिसांकडे. पदवीसाठी अर्ज इस्पितळामार्फत जातो, तोही मागे घेतला. अठरा वर्षं त्या माणसानं पाच ओळींत संपवली. तिनं सही केली आणि वही पिशवीत टाकली.

मी घाईनं बाहेर आलो. जिन्यापाशी तिनं मला गाठलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. कॉरिडॉरमध्ये रुग्णांचे नातेवाईक वाफवलेले पाव खात बसले होते, एक म्हातारी सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. त्यांच्यापैकी कोणाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

शूछीन माझ्यासमोर उभी राहिली आणि इंग्रजीत बोलली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"सर, तुम्ही मला ते शिकवलं नव्हतं?"

मला उत्तर येत होतं. म्हातारीनं बी सोलता सोलता आमच्याकडे वर पाहिलं.

"नो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, वर्गात उत्तर पटलं की हलवायची तशी.

"बरोबर, सर," ती आपल्या भाषेत म्हणाली. "एक गुण."