घरचा कर्ता

मृण्मयीने दुसऱ्यांदा हाक मारली तरी श्रेयसने पोह्यांच्या बशीवरून मान वर केली नाही. घास चावून झाला होता, कान इकडेच होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. तो मनातल्या मनात दहापर्यंत मोजत होता. हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण मोजायला त्याला तिनेच सांगितलं होतं.

"बोल," दहा झाल्यावर तो म्हणाला.

"नानांचा फोन आला होता. पंचवटीत एकदा येऊन जा म्हणतायत."

"बघू."

कारण द्यायचं नाही, दिवस सांगायचा नाही, 'बघू' म्हणून उठायचं. हेही तिचंच होतं, गणपतीच्या अंकातलं. श्रेयसने बशी तिथेच सोडली, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडल्या आणि तो सातपूरला कंपनीत जायला निघाला. कोवळ्या उन्हात त्याची कोरलेली दाढी सुरेख दिसत होती. दार लागल्यावर मृण्मयीने बशी उचलली आणि धुवायच्या आधी उगीचच बराच वेळ हातात धरून ठेवली.

'करारी' हे नाशकातून निघणारं पुरुषांचं मासिक. त्यात 'घरचा कर्ता' नावाचं सदर यायचं, लेखकाचं नाव राजवर्धन. या राजवर्धनवर लोकांचा भारी जीव. कॉलेज रोडच्या सलूनमध्ये माणसं आपली पाळी येईपर्यंत त्याला वाचायची आणि पाळी आली तरी अंक खाली ठेवायची नाहीत. आणि राजवर्धन नावाचं तर कुणी नव्हतंच. पहिल्या ओळीपासून ते सदर मृण्मयी लिहायची. घरी तिने सांगून ठेवलं होतं, की त्याच प्रकाशनाच्या आरोग्याच्या पुस्तिकांचं आपण भाषांतर करतो.

सुरुवात अगदी गमतीत झाली होती. मासिकाचा मालक आणि संपादक ललित हा माणूस म्हणून वाईट नव्हता, फक्त खपापलीकडचं त्याला काही दिसायचं नाही. पहिल्यांदा त्याने अंक काढला तो दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या मुलांसाठी. बुलेट, दंड, दाढीचं तेल. मुलांना ते सगळं मोबाईलवर फुकट बघायला मिळत होतं, त्यांनी अंकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ललितने कचेरीतल्या फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि मृण्मयीला म्हणाला, की आपला वाचक म्हणजे नेमका कोण माणूस, तो मला या वर्तुळात दिसला पाहिजे.

मृण्मयीने हसत हसत माणूस उभा केला. पस्तिशीचा. नोकरी बरी. लग्नात कुणीतरी म्हणून गेलेलं, की मुलगी मुलापेक्षा हुशार आहे, ते तो अजून विसरलेला नाही. सोसायटीत त्याची ओळख 'मॅडमचे मिस्टर' अशी करून देतात तेव्हा तो हसतो, आणि घरी येऊन कपाटाचं दार जोरात लावतो. आपल्या वडिलांसारखं व्हायचं नाही हे त्याचं पक्कं आहे, पण मग कसं व्हायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ललित फळ्याकडे बघतच राहिला. "हा खराच आहे का कुणी?"

"असे ढिगाने आहेत," मृण्मयी म्हणाली. ते खोटं नव्हतं. त्या ढिगातला एक आपल्या घरी आहे, एवढंच तिने सांगितलं नाही.

ललितचा हिशेब सरळ होता. पहिल्या पानावर वाचकाला थोडं खरचटायचं आणि शेवटच्या पानावर मलमाची जाहिरात छापायची. मृण्मयीने मात्र आधी चांगलं चांगलं लिहून पाहिलं. स्वयंपाक शिका, रडू आलं तर रडा, मुलांना स्वतः आंघोळ घाला. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मग एका महिन्यात वैतागून तिने निव्वळ टिंगल म्हणून लिहिलं, की बायकोने हाक मारली तर ओ द्यायच्या आधी दहापर्यंत मोजा, आवाजाला वजन येतं. कुणालाही हसू यावं असं ते लिहिलं होतं. कुणी हसलं नाही. कचेरीतला फोन आठवडाभर वाजत राहिला, आणि ललितला त्यानंतर दर महिन्याला तसंच हवं होतं.

श्रेयसच्या हाती राजवर्धन लागला तो सलूनमध्येच. अंक घेऊनच तो घरी आला, सोफ्यावर बसून त्याने तिला एक अख्खा परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हणाला, "हा माणूस माझ्या मनातलं लिहितो गं." किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा असा मोकळा दिसत होता. सांगायची वेळ तीच होती. पण त्याचा तो आनंद बघून मृण्मयीचा धीर झाला नाही, ती नुसती हसली, आणि वेळ निघून गेली. पुढच्या महिन्यापासून अंक टपालाने घरी येऊ लागला.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने तिला मजा वाटली. नवरा पहाटे धावायला जायला लागला, सुटलेलं पोट आत गेलं, कपडे नीटनेटके झाले. मग हाकेला उशीर व्हायला लागला. मग तिने केलेले फोन तो एकदा वाजू देऊन कापायला लागला आणि त्याचं कारण विचारलं की 'बघू' यायला लागलं. पुढचा अंक तिने आधीच लिहिलेला असायचा, त्यामुळे घरात पुढे काय होणार हे तिला महिनाभर आधी कळायचं. मोलकरीण सुट्टीवर जाणार हे जसं आपल्याला आधी ठाऊक असतं, तशी ती तयारीत राहायची. ती स्वतःची समजूत घालायची, की सूत्रं आपल्याच हातात आहेत, वाटेल तेव्हा फिरवता येतील.

दिवाळीच्या अंकात तिने एक वाक्य लिहिलं होतं. 'कर्त्याच्या घरात बंद दार नसतं.' वाक्य कानाला बरं वाटलं म्हणून लिहिलं, त्याहून जास्त विचार तिने केला नव्हता. अंक आला त्या आठवड्यात ती कचेरीतून घरी आली, तर ज्या लहान खोलीत बसून ती लिहायची तिच्या दाराची कडी जागेवर नव्हती. लाकडात स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. श्रेयसने स्क्रू एका वाटीत घालून तिच्या टेबलावर ठेवले होते, आणि तो बाहेर शांतपणे बातम्या बघत होता.

"कसलं भाषांतर असतं गं, दार लावून करायचं?" त्याने बातम्यांवरची नजर न काढता विचारलं.

हे वाक्य कुठल्याच अंकातलं नव्हतं. त्या दिवसापासून ती फोन उशीखाली ठेवून झोपू लागली, आणि ती फोन उशीखाली ठेवते हे त्याच्या लक्षात आलं.

अशात ललितने वाचकांचा मेळावा घ्यायचं ठरवलं. लोकांना राजवर्धन डोळ्यांनी बघायचा होता. त्यासाठी त्याने दिंडोरीचा जीवन शोधून काढला. व्यायामशाळेत शिकवणारा, उंचापुरा, आवाज असा की मागच्या रांगेपर्यंत जावा. भाषण अर्थात मृण्मयीने लिहायचं होतं. ज्या वाटेने श्रेयस गेला त्याच वाटेने त्याला परत आणायचं, असं तिने मनाशी ठरवलं. श्रेयस आता जगात एकाच माणसाचं ऐकत होता, तेव्हा सांगायचं ते त्याच माणसाच्या तोंडून सांगायला हवं होतं.

लिहिताना तिला नाना, तिचे सासरे, आठवले. नानांनी जन्मभर पंचवटीत पौरोहित्य केलं. घरात शिवाशिव पाळायचे तेव्हा सासूबाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या आणि सगळा स्वयंपाक नाना करायचे. पुढे शिवाशिव गेली, पण नानांचा स्वयंपाकघरातला पाय काही निघाला नाही. सासूबाई होत्या तोवर सकाळचा चहा त्यांना नानांनीच दिला. आलं ठेचून चहा करायचे, समोर बसायचे आणि झोप लागली का एवढंच विचारायचे. शाळेत असताना मित्र यावरून श्रेयसला चिडवायचे. त्याच्या मनातली अढी तिथलीच होती, हे मृण्मयीला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं. तिने तोच चहा भाषणात घातला. घरी जा, आपल्या हाताने आलं ठेचा, दोन कप घेऊन तिच्यासमोर बसा, फोन पालथा ठेवा आणि तिचा दिवस कसा गेला ते विचारा. इतकं जीव ओतून तिने राजवर्धनसाठी कधी लिहिलं नव्हतं.

कचेरीत तालीम झाली. जीवनने भाषण वाचलं, छान वाचलं, आणि मग कागद खाली ठेवून तो डोकं खाजवायला लागला.

"मॅडम, लिहिलंय लय भारी. पण हे ऐकून लोक बसतील का? लोक काय चहा शिकायला येनार नाय."

"बसतील. तुम्ही फक्त कागदावरचं बोला."

"तुमी म्हनता तर कागदावरचंच बोलतो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका सरळ होता की तिने विश्वास ठेवला.

रविवारी दुपारी श्रेयस स्वतः शर्टाला इस्त्री करून गंगापूर रोडच्या सभागृहात गेला. बायकांना बोलावणं नव्हतं. मृण्मयी घरात नुसती फिरत राहिली, धुतलेले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले, झाडांना दोनदा पाणी घातलं. चारच्या सुमाराला ललितचा निरोप आला, की सभागृह भरलंय आणि तुझा चहा चांगलाच चाललाय. तिच्या जिवात जीव आला.

दिवेलागणीला श्रेयस आला. आल्या आल्या हसला. बूट काढून नीट जागेवर ठेवले आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने आतून आलं ठेचल्याचा आवाज यायला लागला. बाहेर बसलेल्या मृण्मयीचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी त्या घरात कुणीतरी कुणासाठी काहीतरी करत होतं, आणि ते आपण लिहिलेलं आहे याचं तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. लिहिलेलं असो की नसो, हात तर त्याचे होते.

तो दोन कप घेऊन आला. समोर बसला. फोन पालथा ठेवला.

"कसा गेला दिवस?"

मग ती बोलत सुटली. झाडांचं, सोसायटीतल्या पाण्याचं, नानांच्या गुडघ्याचं, काय काय. तो ऐकत होता, मधे मधे मान हलवत होता. चहात आलं जरा जास्त पडलं होतं, नाना घालतात तसं. आता सगळं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, पण नंतर हसेलही.

"काय म्हणाला मग तुझा राजवर्धन?" तिने सुरुवात म्हणून विचारलं.

"आधी हेच. चहाचं." श्रेयसने कप फिरवला. "लोक चुळबुळ करायला लागले. दोन-चार जण उठलेसुद्धा. मग त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. म्हणाला, हे झालं लिहिलेलं, आता पोटातलं सांगतो. काय बोलला माहितीये? लोक खुर्च्यांवर उभे राहिले."

"काय बोलला?"

"चहा द्यायचाच, म्हणाला. गोड बोलायचं, सगळं ऐकून घ्यायचं. चहा पिताना बाई सैल पडते. मागायचं ते तेव्हाच मागायचं."

त्याचा आवाज मघासारखाच मऊ होता. त्याने तळहात टेबलावर उताणा ठेवला.

"फोन दे. उघडून दे."

फोन तिच्या मांडीवर होता. त्यात ललितचे निरोप होते, आजचं भाषण होतं, राजवर्धनचा शब्द न् शब्द होता. 'मॅडमचे मिस्टर' होतं, कपाटाचं दार होतं, लग्नात कुणीतरी म्हणून गेलेलं ते वाक्य होतं, शाळेतली चिडवाचिडवी होती. त्याने एकट्याने गिळलेलं सगळं कुठे कुठे छापून आलं, ते त्यात ओळीने सापडलं असतं. आणि नाही म्हणावं, तर काय झालं असतं हे तिला त्या दाराच्या भोकांनी सांगून ठेवलं होतं.

मांडीवर फोन थरथरला. ललितच असणार. थांबला, आणि पुन्हा थरथरला.

श्रेयसने हात मागे घेतला नाही, आवाज चढवला नाही. फक्त ओठ मिटले. ते मिटलेले ओठ मृण्मयीने ओळखले आणि तिच्याही मनात आपोआप आकडे सुरू झाले. निदान एवढं तरी तिचं होतं. दहा झाले की तो बोलेल, मग आपणही काहीतरी बोलू, असं म्हणत ती त्याच्याबरोबर मोजत गेली. चहावर साय धरली होती.

दहा झाले. तो बोलला नाही.

ती पुढे मोजायला लागली, पण तिला आकडे सुचेनात. तेवढ्यात श्रेयस उठला. बाहेरच्या दारापाशी गेला, वरची कडी लावली, खालची लावली, आणि परत येऊन तिच्यासमोर बसला.