वकिलाच्या कोटाचा आतला खिसा

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

ब्राझीलच्या मिनास भागातल्या एका शिंप्याने मला तरुण वकील एव्हारिस्तो यांच्यासाठी शिवले. पहिल्याच खटल्यात ते ताडकन उठले. "साहेब, ह्या माणसाला नोटीस मिळालीच नाही, त्याचं म्हणणं कुणी ऐकलेलं नाही." त्या माणसाविरुद्धचा निकाल रद्द झाला आणि एका गरिबाचे घर वाचले. त्या दिवशी मी फार ऐटीत घरी गेलो.

पुढे वकीलसाहेबांना चलाखीची गोडी लागली. जमीनदार तार्सिझियोने झऱ्याच्या वाटेवर फाटक ठोकले होते, त्या खटल्यात त्यांनी जमीनदाराची बाजू घेतली. वाट अडली होती ती सत्तरीच्या म्हाताऱ्या झुल्मिराची. ती लांबच्या ओढ्यावरून डोक्यावर पाणी वाहू लागली.

साक्षीच्या तारखेची नोटीस कोर्टाच्या कचेरीने आमच्याकडे पाठवलीच नाही. तरी तारीख कळली आणि आम्ही हजर झालो. तार्सिझियो कुजबुजला, "नोटीस आली नाही, सांगा की त्यांना."

"गप्प बसा. हरलो तर कामाला येईल."

वकीलसाहेबांनी कॉफी घेतली, साक्षीदारांना तासभर उलटेसुलटे प्रश्न विचारले, आणि 'नोटीस मिळाली नाही' अशी चिठ्ठी लिहून माझ्या आतल्या खिशात सारली. दोन वर्षे ती लबाडी मी छातीशी बाळगली. मला तोंड असते तर भर कोर्टात ओरडलो असतो.

निकाल झुल्मिराच्या बाजूने लागला. लगेच चिठ्ठी बाहेर आली. नोटीस नव्हती, म्हणून सगळे रद्द करा आणि नव्याने सुरू करा, असा अर्ज वकीलसाहेबांनी केला.

झुल्मिरा बाकावरूनच म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून? माझ्या मानेनं ह्यांचं काय घोडं मारलंय?"

न्यायाधीशबाईंनी साक्षीच्या दिवसाचा हजेरीचा कागद काढला. "वकीलसाहेब, ही सही तुमचीच ना?"

"हो."

"साक्षीदारांना प्रश्न कुणी विचारले?"

"मीच."

"मग तुमचं नुकसान काय झालं? चूक तेव्हाच दिसली होती, तर दोन वर्षं मूग गिळून का बसलात? चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायची असते. हरल्यावर उपयोगी पडेल म्हणून साठवायची नसते. अर्ज फेटाळला."

फाटक निघाले. पण त्या दोन वर्षांत झुल्मिराची मान वाकली ती वाकलीच. ती कुठला निकाल सरळ करणार?

वकीलसाहेबांनी मला चर्चमध्ये गरिबांना वाटायच्या जुन्या कपड्यांत टाकले. तिथून मला झुल्मिराने उचलले, मक्यातल्या बुजगावण्यासाठी.

मित्रांनो, खरा अन्याय झाला तर त्याच क्षणी बोला, कुणालाही न भिता बोला. पण दुसऱ्याची चूक हत्यार म्हणून लपवून ठेवू नका. तिचे ओझे तिसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर बसते.

मला काठीवर चढवण्याआधी झुल्मिराने आतला खिसा चाचपला. "आणखी काही दडवलंयस का रे?" मग झऱ्याकाठी बसून तिने जाड दोऱ्याने तो खिसा शिवून टाकला.