राक्षसाची श्वासनलिका

रामाने तोंडाला, हातांना, छातीला काजळी फासली आणि गळा तेवढा कोरा ठेवला. समोर त्याचा चुलतभाऊ निलेश नऊवारीचा कासोटा आवळत होता. रामाकडे बघायला लागू नये म्हणून त्याने तो पुन्हा सोडला.

"गळ्यालाही लाव की," गावकर सखारामतात्या म्हणाले. "राक्षस हायस तू."

"डॉक्टरान नको सांगितलान."

इतर गावांत शिमग्याच्या नमनाच्या खेळात देवी राक्षसाला त्रिशुळाने मारते. यांचा त्रिशूळ तात्यांच्या आजोबांच्या वेळी अर्जुना नदीच्या पुरात गेला आणि नवा करायला देवाने कौल दिला नाही. तेव्हापासून देवी गळा दाबते. राक्षसाचा मान रामाच्या घराचा, देवीचा निलेशच्या. दोघांच्या शेतांमधला बांध मात्र सामाईक होता. तो दर पावसाळ्यात रामाच्या बाजूला थोडा सरके. गेल्या शिमग्याआधी रामाने तो कुदळीने फोडला.

त्या शिमग्याला देवीने जरा मनावर घेतलं. रामाच्या गळ्यात काहीतरी कडकन मोडलं, डोळे बाहेर आले, रक्ताचा फेस देवीच्या चोळीवर उडाला. असा राक्षस गावाने कधी पाहिला नव्हता. टाळ्या पडल्या. कोणीतरी वन्समोअर दिला आणि देवीने तो घेतला.

हवालदाराने विचारलं, गळा कोणी दाबला? अख्ख्या गावाने सांगितलं, देवीने. केस तिथेच थांबली.

राजापुरातून रत्नागिरी, रत्नागिरीतून मुंबई. मानेला भोक पाडून रामा श्वास घेऊ लागला. श्वासनलिकेचा चेंगरलेला भाग कामातून गेला होता. मग डॉक्टरांनी त्याच्या नाकातून कूर्चेचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी वाढवल्या, जाळीच्या नळीवर पेरल्या आणि ती नळी उबदार यंत्रात फिरत ठेवली. प्रयोगच आहे, म्हणाले, खात्री नाही.

"म्हंजे आधी भाताचा तरवा, मग लावणी," रामाची बायको सगुणा म्हणाली आणि तिने सही केली.

नळी रुजली. भोक बुजलं. बोलताना बारीक शीळ तेवढी वाजे. गळ्यावर आता कुणाचं बोटसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांना शिमगा माहीत नव्हता.

"दुसऱ्या कुणाला उभा करा," सगुणा म्हणाली होती.

"मान जाईल आपला."

"आणि जीव?"

"तो एकदा जाऊन आला."

मृदंग वाजला. देवीचे हात राक्षसाच्या गळ्यापाशी आले आणि हवेतच थांबले.

"दाब मेल्या!" मागून कोणी ओरडलं. "पोरं झोपली!"

"रामा," निलेश पुटपुटला, "कुठं धरू? नवा भाग कुठनं सुरू होतो?"

रामाने उत्तर म्हणून देवीचाच गळा धरला. इस्पितळात नळी रुजत होती तेव्हा तो हेच ठरवत पडला होता. त्याने दोन्ही अंगठे रुतवले. निलेशचे डोळे बाहेर आले, नथ निसटून ओठावर लोंबली, टाचा अंगण खरवडू लागल्या. अंगठ्यांखाली एकाखाली एक कडी लागत होती, बांबूच्या पेरांसारखी. रामाच्या स्वतःच्या कड्या डॉक्टरांनी त्याला पडद्यावर दाखवल्या होत्या. एक कडी आत वाकली. बारीक शीळ वाजली.

रामाला वाटलं, आपलीच. ती निलेशची होती.

अंगठे सैल पडले. निलेश पदरासकट कोसळला आणि मृदंग थांबला. राक्षस उभा आणि देवी आडवी, असं गावात कधी झालं नव्हतं.

रामा खाली बसला. त्याने देवीच्या नाकाशी बोट धरलं. उबदार वारा लागला. मग तो तिच्या शेजारी आडवा झाला, तिचा बांगड्यांचा हात उचलून आपल्या कोऱ्या गळ्यावर ठेवला, दोन आचके दिले आणि मेला.

टाळ्या पडल्या.

थोड्या वेळाने गळ्यावरची बोटं हलली. मेलेल्या राक्षसाने डोळे मिटूनच ठेवले, श्वासही रोखून धरला.

मागून कोणीतरी वन्समोअर दिला.