धाकट्या साडूचा टर्बो

थोरल्याला त्या रविवारी कुणी विचारलं असतं, बाबा रे, तुला होतंय तरी काय, तर त्यानं कंबर धरून दाखवली असती. पण दुखत होतं पोटात. धाकट्या साडूनं जीपला टर्बो बसवला होता, आणि ती जीप शिट्टी घालत खाणीचा चढ चढून गेली होती.

साडू म्हणजे सख्खे साडू, दोन बहिणींचे दोन नवरे. मोठीचा नवरा म्हणून हा थोरला, धाकटीचा म्हणून तो धाकटा. थोरल्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं, हाताला ग्रीस नाही असा दिवस जायचा नाही. धाकटा चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावायचा. आता तुम्हीच सांगा, या दोघांत बॉनेट उघडायचा मान कुणाचा? थोरल्याला यात विचारण्यासारखं काही वाटतच नव्हतं. घरातला मेकॅनिक एकच, आणि तो मी.

दोघांकडेही एकाच वयाच्या, डिझेलवर चालणाऱ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या जुन्या जीपा होत्या. वस्तीबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. रविवारी सकाळी हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन तिथं जमायचे आणि खाणीच्या तळापासून माथ्यापर्यंत सुट्या दगडांवरून गाडी चढवायचे. माथ्यावर काही ठेवलेलं नव्हतं. चढायचं, चहा प्यायचा, उतरायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल नसते असंही म्हणायला हरकत नाही.

तर या खाणीवर थोरल्याच्या शेजारच्या सीटवर सासरे बसायचे. आज नाही, वर्षानुवर्षं. सासऱ्यांनी जन्मभर मोठे ट्रक चालवले होते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच थोरल्याला शेजारी बसवून घेतलं आणि उतारावर ब्रेक न दाबता गाडी गिअरमध्ये कशी धरून ठेवायची ते शिकवलं. थोरल्याचे स्वतःचे वडील तो पाळण्यात असतानाच गेलेले. 'असं नव्हे, असं' म्हणून हातावर हात ठेवणारा माणूस त्याला लग्नाच्या वयात भेटला, आणि भेटला तो सासरा होऊन. तो त्यांना मामा म्हणायचा, पण मनात दुसराच शब्द असायचा. जीव गेला असता तरी हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं.

सासूबाई गेल्यापासून सासरे वरच्या मजल्यावर एकटेच राहत होते आणि आता गुडघे जिना चढू देत नव्हते. दोन मुलींपैकी एकीकडे कायमचं राहायला जायचं, एवढं ठरलं होतं. कुणाकडे, ते ठरत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, बघू. थोरल्यानं मात्र बघण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तळमजल्यावरची पंपांच्या सुट्या भागांनी भरलेली खोली त्यानं रिकामी केली, रंग दिला, पलंगाच्या पायांखाली ठोकळे ठोकून तो गुडघ्यांना सोसेल इतका उंच केला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. बायको म्हणाली, अहो, बाबांनी अजून हो कुठं म्हटलंय? हा म्हणाला, म्हणतील, जातात कुठं.

आणि त्यात हा टर्बो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढीच त्याची करामत. पण चढावर ती दिसायची. जिथं थोरल्याची जीप पहिल्या गिअरमध्ये काळा धूर ओकत, कण्हत-कुंथत जायची, तिथं धाकट्याची दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत गेली. माथ्यावर सगळ्यांनी त्याच्या बॉनेटभोवती कोंडाळं केलं. धाकटा चष्मा पुसत हसत होता. आणि पुढच्या फेरीला सासरे थोरल्याच्या जीपमधून हळूच उतरले. म्हणाले, जरा यांच्याकडे बसून बघतो.

जरा कसलं? पुढच्या रविवारी तिकडेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तिकडेच. थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रिकाम्या सीटचा पट्टा दगडांवरून जाताना दारावर आपटायचा आणि तो आवाज त्याच्या डोक्यात जायचा. आज सीट गेली, उद्या मामाही जातील, असं त्यानं मनाशी धरलं. चष्मेवाल्याकडे शिट्टी आहे, माझ्याकडे काय आहे, तर पलंगाखालचे ठोकळे. रात्री जेवताना तो म्हणाला, लोक हल्ली फार दिखाऊ झालेत. बायकोनं लोक म्हणजे कोण ते विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली की, जळकं काही वास मारतंय, आणि गॅस तर बंद आहे.

मग थोरल्यानंही टर्बो आणला. वरातीमागून घोडं, पण घोडं आपलं पाहिजे. एका भंगारात निघालेल्या गाडीचा त्याला मिळाला, पाती शाबूत होती. बसवायचा कसा, एवढंच बघायचं होतं, आणि धाकट्याला विचारलं असतं तर जीभ झडली असती. मग उसना घेतलेला जॅक परत करायच्या निमित्तानं तो धाकट्याच्या दारात गेला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. जॅक दिला, हवापाण्याचं बोलला, जाता जाता म्हणाला, बॉनेट उघडंच आहे वाटतं, आणि वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला. धाकट्यानं काही ओळखलं नसेल असं नाही.

"दादा, तुम्हाला बसवायचा असेल तर मी येतो," तो म्हणाला. "बाकी सोपं आहे. फक्त तेल परत येतं त्या पाइपाचं नीट बघावं लागतं."

"पाइपाचं मला शिकवू नका," थोरला म्हणाला. "माझी हयात गेली त्यात."

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. हयात गेली होती हे खरं, पण पंपात. पंपाच्या माणसाला एक खोड असते. पाइप वर न्या, खाली न्या, भिंतीला वळसा घाला, मागून पाणी ढकलणारा आहे, ते पोचतंच. टर्बोचं तसं नसतं. त्याच्या आत तेल जातं ते जोरानं, पण परत येतं ते निव्वळ स्वतःच्या वजनानं, पन्हाळीतून पाणी उतरावं तसं. म्हणून तो परतीचा पाइप सरळ खालीच उतरायला हवा. थोरल्याच्या जीपमध्ये नेमकी तिथं बॅटरी आडवी येत होती. बॅटरी हलवण्याऐवजी त्यानं पाइप आधी पुढं नेला, बॅटरीला वळसा घातला आणि मग खाली सोडला. वळण इतकं सुबक आलं की तो स्वतःवरच खूश झाला. सपाट रस्त्यावर जीप चालवून पाहिली, तर धूर नाही की गळती नाही. शिट्टीसुद्धा आली. ती धाकट्यापेक्षा मोठी यावी म्हणून त्यानं हवेचा दाब ठरवणारा नट आणखी पिळला, वर डिझेल जास्त सोडायचा स्क्रूही फिरवला. सुंभ जळतो, पीळ काही जळत नाही.

रविवारी खाणीच्या तळाशी सासरे सवयीनं धाकट्याच्या जीपकडे निघाले, तर थोरला आडवा आला. म्हणाला, मामा, आज आपल्या गाडीत. आपल्या हा शब्द त्यानं असा दाबून म्हटला की सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काठी आत ठेवली.

आणि जीप निघाली. काय निघाली म्हणता! ज्या दगडांवर तिचा दर रविवारी जीव जायचा, त्यांच्यावरून ती उधळलेल्या बैलासारखी गेली. अर्ध्या वाटेत धाकट्यानं बाजू दिली. त्याला मागं टाकताना थोरल्यानं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही, पण पाहिल्यासारखंच सुख झालं. शेजारी सासरे दोन्ही हातांनी कडी धरून बसले होते. बघताय ना मामा, असं त्याला विचारायचं होतं, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं.

चढावर गाडीचं नाक वर होतं. नाक वर म्हणजे पुढं नेलेला पाइपही वर, आणि वर चढून जायला त्या तेलाला कोण ढकलणार? ते टर्बोतच साठलं, मिळेल त्या फटीतून हवेच्या वाटेत शिरलं आणि इंजिन डिझेलबरोबर स्वतःचंच तेल जाळायला लागलं.

माथ्यावर येऊन थोरल्यानं गाडी न्यूट्रल केली, तर इंजिन खाली यायच्या ऐवजी वर चढायला लागलं. मागं निळा-पांढरा धूर एवढा, की खाण दिसेना. त्यानं किल्ली फिरवली. किल्ली हातात आली, इंजिन चालूच. डिझेल बंद झालं होतं, पण खायला तेल होतं ना! आवाज असा चढत गेला की आता काहीतरी फुटणार हे पोरासोरांनाही कळलं असतं. लोक मागं सरले. सासऱ्यांना गुडघ्यांमुळं पटकन उतरता येईना, ते दार धरून तसेच बसले. आणि थोरला, घरातला एकमेव मेकॅनिक, किल्ली पुन्हा आत घालून नुसती फिरवत राहिला.

धुरातून धाकटा आला. त्यानं बॉनेट उघडलं, हवा आत जाते तो रबरी पाइप उपसला, जॅकखाली ठेवायची फळी त्या तोंडावर दाबून धरली आणि मान फिरवून डोळे मिटले. इंजिन दोनदा घुसमटलं, सगळी जीप हादरली आणि ते बंद पडलं. मग इतकं शांत झालं की दगडावरून ओघळणाऱ्या तेलाचा आवाज यायला लागला.

धाकट्यानं पहिल्यांदा विचारलं ते, मामा, लागलं नाही ना? थोरल्याला तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पाइपाचं सांगितलं होतं ना, एवढं एक वाक्य त्यानं टाकलं असतं तर थोरल्याला भांडता तरी आलं असतं. पण हा माणूस चष्म्यावरचं तेल पुसत होता आणि विचारत होता, दोर कुणाकडे आहे.

मागच्या कच्च्या रस्त्यानं जीप ओढत न्यायचं ठरलं. पुढं धाकट्याची, मग दोर, मागं थोरल्याची मेलेली जीप. धाकट्यानं सासऱ्यांसाठी दार उघडलं, तर ते म्हणाले, नको, मी यांच्यासोबतच बसतो. थोरल्याला वाटलं, माझी कीव येतेय. तरी पण बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

इंजिन नसलेल्या गाडीत माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

"मी तुमच्याकडे राहायला यायचं म्हणतोय," सासरे म्हणाले.

थोरल्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. डोळ्यांपुढं दोर धूसर झाला. टर्बो गेला, इंजिन गेलं, गावात शोभा झाली, सगळं गंगेला मिळालं तरी चालण्यासारखं होतं, मामा येणार होते. त्यानं इथंच गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस बसला असता. पण त्याला नुसतं जिंकून भागत नव्हतं, दुसरा हरलेला कानांनी ऐकायचा होता.

"का?" त्यानं विचारलं. "त्यांच्याकडची खोली आवडली नाही का?"

सासऱ्यांनी जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता शिकायचं त्यांचं वय नव्हतं.

"आवडली की," ते म्हणाले. "खरं सांगू का, मी त्यांना हो म्हणूनही टाकलं होतं. टर्बोबिर्बोचं काही नाही हो. त्यांची गाडी दणके कमी देते, पाठ दुखत नाही, म्हणून बसायचो. बसता बसता बोलणं व्हायचं."

"मग?"

"तेच म्हणाले, मामा, तुम्ही दादांकडे जा. तुम्ही आला नाहीत तर मला वाईट वाटेल, पण मी राहीन. दादांना नाही जमायचं. त्यांना तुम्ही सासरे नाही आहात."

थोरल्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सीट नव्हे, शिट्टी नव्हे, जे त्यानं बायकोलाही कधी दाखवलं नव्हतं ते या चष्मेवाल्यानं बसल्या जागी वाचलं होतं, तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या ओळीसकट. आणि वाचून वर मन मोठं करून मोकळा झाला होता. म्हणजे मामा घरी येणार ते धाकट्यानं दिले म्हणून. उंच केलेल्या पलंगावर त्यांना झोपलेलं बघायचं, ते धाकट्याच्या कृपेनं. मग त्यांच्याकडेच जा, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. एवढं म्हटलं की ऋण फिटत होतं, मान ताठ राहत होती. त्यानं तोंड उघडलं. शेजारी सासऱ्यांनी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला, आणि थोरल्याला कळलं की आपल्याला हे म्हणता येणार नाही. धाकट्याचं म्हणणं खरं होतं. दादांना नाही जमायचं.

"या, मामा," तो म्हणाला. "खोली तयार आहे."

वळणावर दोर सैल पडला तसा त्यानं ब्रेक दाबून तो पुन्हा ताणून घेतला. पुढच्या जीपच्या खिडकीतून धाकट्याचा हात बाहेर आला आणि अंगठा वर करून थांबला. मागं सगळं ठीक आहे ना, असं तो विचारत होता. सासरे थोरल्याकडे बघत होते. थोरल्यानं हात खिडकीबाहेर काढला आणि वर केला, आणि धाकट्याला आरशात नीट दिसावा म्हणून तो तसाच वर धरून ठेवला.