मुकी पेटी आणि जमिनीवरचं हेलिकॉप्टर

‘‘कुणाला पटायचं न्हाई, पन म्या हेलिकॉप्टर उडवलंय, आन् तेबी जमिनीपासनं बोटभर न उचलता!’’ हवाई दलातून परतलेला आसाराम असं सांगायचा आणि वाडीतली माणसं पोट धरून हसायची. त्याचं एक वाक्य कुणी खरं धरत नसे. त्या दिवशी मात्र त्याला खरं बोलायचं होतं, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली.

साल बहात्तर. पारनेरकडची कोरडी वाडी. दुष्काळी कामावर खडी फोडून परतलेली माणसं, खांद्यावरच्या पहारीसकट, मारुतीपुढं दाटली होती. मधोमध मौनगिरी महाराज. नाव मौनगिरी, पण जिभेला क्षणाची उसंत नाही. पायाशी कलश, धनाला ओढ लागावी म्हणून बायकांनी त्यात नथी आणि सोन्याचे मणी टाकलेले. हातात भगव्या फडक्यात गुंडाळलेली लांबट पेटी, आणि ती पेटी गुणगुणत होती!

‘‘ऐका, धरतीमाता बोलतेय! जिकडं ती मुकी होईल तिकडं रांजणभर मोहरा!’’

महाराज सावकाश वळू लागले. गुणगुण बारीक झाली, मरत गेली, थांबली. पेटीचं टोक विधवा बनुबाईच्या घराकडं होतं. गर्दीच्या अंगावर काटा आला.

‘‘मधल्या मेढीखाली! खणा!’’

मेढ म्हणजे त्या घराचा मधला खांब. तो हलला की वरचं मातीचं धाबं खाली येणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. बनुबाई धावत जाऊन उंबऱ्यात आडवी बसली.

‘‘काकू, सर बाजूला,’’ तिचा पुतण्या मच्छिंद्र पहार तोलत म्हणाला. ‘‘मोहरा निघाल्यावर माडी बांधून देतो.’’

‘‘आन् तवर कुठं राहू? तुझ्या पहारीवर?’’

आसारामाच्या डोक्यात ती गुणगुण घुमत होती. हवाई दलात तो सरावाची एक केबिन पुसायचा. हुबेहूब हेलिकॉप्टर, पण जमिनीला बोल्टांनी आवळलेलं. काचा झाकलेल्या. शिकाऊ वैमानिकानं कानातल्या रेडिओवरून वाट शोधायची. जिकडं आवाज मरेल त्या रेघेत रेडिओ केंद्र. आणि मास्तर ओरडायचे, ‘एका जागेवरून नुसती रेघ मिळते! जागा बदला, दुसरी रेघ घ्या. दोन्ही जिथं कापतील ते ठिकाण!’

‘‘थांबा!’’ तो पुढं झाला. ‘‘त्या लिंबाखालनं परत बघा. धन मेढीखाली असंल, तर तिथनंबी पेटी ह्याच घराकडं बोट दावंल.’’

‘‘आला हेलिकॉप्टरवाला!’’ गर्दी खिदळली.

‘‘संशय घेतला की धनाचा कोळसा होतो!’’ महाराज कडाडले.

‘‘हू द्या कोळसा,’’ बनुबाई म्हणाली. ‘‘घर माझं हाय. बघा लिंबाखालनं!’’

‘‘पेटी मच्छिंद्राच्या हातात द्या,’’ आसाराम म्हणाला. ‘‘माझ्या नको. मी तुमच्या लेखी खोटारडा.’’

महाराजांनी पेटी छातीशी धरली. मच्छिंद्रानं ती ओढूनच घेतली आणि घराच्या बगलेला लिंबाखाली जाऊन तो वळू लागला. गुणगुण बारीक झाली. थांबली.

बनुबाईचं घर डाव्या हाताला राहिलं होतं. पेटीच्या टोकासमोर होतं मच्छिंद्राचं स्वतःचं घर.

‘‘खण की आता,’’ बनुबाई म्हणाली. ‘‘तुझी मेढ काढ.’’

मच्छिंद्राचा चेहरा उतरला. तो आणखी पुढं गेला. आता टोकासमोर उकिरडा. दिशा तीच, मावळतीची.

‘‘तिकडं पुणं हाय!’’ म्हणत आसारामानं फडकं फेडून झाकण उचकटलं. आत ट्रान्झिस्टर. त्यानं पेटी आडवी वळवून चाक जरासं फिरवलं आणि धरतीमाता खणखणीत आवाजात शेणखत कुजवायची रीत सांगू लागली.

‘‘काटा मुद्दाम सरकवून ठिवलाय, म्हनून नुसती गुणगुण. आत काळी कांडी असती. तिचं टोक पुण्याच्या रेडिओ केंद्राकडं झालं की आवाज मरतो. वाडीभर हिंडा, टोक पुण्याकडंच! ज्याचं घर पाडायचं ते रेघेत यावं, एवढं बघून म्हाराज उभं राहत्यात.’’

महाराजांचा हात कलशाकडं सरकला. मच्छिंद्रानं त्याआधी पहार मधे आडवी घातली.

‘‘ध्यानात ठिवा,’’ आसाराम मारुतीच्या ओट्यावर चढला. ‘‘कुनी चमत्कार दावला की जागा बदलून बघायचा. खरं असंल तर चार बाजूंनी खरंच दिसंल. इचारायला भ्यायचं न्हाई.’’ लोक माना डोलावू लागले, तशी त्याला सुरसुरी आली. ‘‘म्यापन असाच एकदा ढगात सापडलो. गुणगुण ऐकत हेलिकॉप्टर खाली आनलं ते थेट पारनेरच्या बाजारात...’’

‘‘थांब रं!’’ उंबऱ्यातून बनुबाई ओरडली. ‘‘बोटभर उचललंच न्हाई म्हनतूस, मग खाली आनलंस कुठनं? धादांत खोटं!’’