ऊन पाण्याची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. येरमाळ्याच्या एका अंगणात, भिंतीच्या कडेला मी पडून असते. माझा तळ गंजून त्याची चाळण झाली आहे. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर नाक मुरडाल. पण थोडा वेळ थांबा आणि माझी हकिकत ऐका.

मला मुरूम गावच्या बाजारात जैनोद्दीन पत्रेवाल्याने घडवले. बाहेरून काळा रंग दिला आणि झाकणावर दोन पिवळी फुले काढली. सुमनबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर सासरी आले. सुमनबाई शाळेत मास्तरीण होत्या. बौद्धवाड्यातली शिकून नोकरीला लागलेली ती पहिली सून. सासूबाई भिमाबाई माझ्यावर रोज फडके फिरवायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "सुनंची पुस्तकाची पेटी हाय."

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. विहिरी आटल्या. सुमनबाईंचे पती मच्छिंद्र दूध सोसायटीत कारकून होते. दूधच राहिले नाही, तेव्हा सोसायटीने त्यांना गुरांच्या छावणीवर पाठवले. त्याच वर्षी सुमनबाईंना संधिवाताने धरले. गुडघे सुजले आणि बोटे आत वळली. खडू हातातून गळून पडू लागला. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. तपासणीला आलेले साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, "बाई, जूनमध्ये फळ्यावर लिहून दाखवा. नाही जमले तर माझा इलाज चालणार नाही."

गोळ्या झाल्या, तेल झाले. शेवटी एका वैद्यांनी सांगितले, "ऊनझिऱ्याला जा. तिथं जमिनीतून ऊन पाणी येतं. महिनाभर हातपाय बुडवून बसा." मच्छिंद्रांनी तिथल्या खोलीवाल्या नागप्पांना कार्ड टाकले. उत्तर आले, 'खोली भाड्याने मिळेल. अंथरूण, शिधा, पिण्याचे पाणी आपले आपण आणावे. ऊन पाणी भरपूर.'

त्या दिवशी मला भरताना जी ओढाताण झाली, ती मी विसरणार नाही. आधी दोन लुगडी, वाकळ, रेशनवरच्या मिलो ज्वारीचे लाल पीठ, दुष्काळी कामावरची सुकडी, तेलाची बाटली आणि लिहायच्या सरावासाठी पाटी ठेवली. मग भिमाबाई पाण्याने भरलेली कळशी घेऊन आल्या. तिच्या तोंडाला फडके बांधलेले होते. कळशी मावेना. त्यांनी वाकळ काढली. तरी मावेना. एक लुगडे काढले, मग पाटी काढली.

"आत्याबाई, पाटी असू द्या. तिच्यासाठीच तर चाललोय," सुमनबाई म्हणाल्या.

"आन् प्यायला काय पाटी देऊ? तिथलं पाणी खारं हाय म्हनं."

भिमाबाईंनी सुनेकडे पाहिले, पिठातून दोन ओंजळी काढून ठेवल्या आणि तेवढ्या जागेत पाटी उभी खोचली. मग मला कुलूप लावले. त्या वर्षी लोक पाण्याला कुलूप लावत होते.

तीन एसट्या बदलून आम्ही ऊनझिऱ्याला पोचलो. मैलोन् मैल नुसता दगड आणि मुरूम, झाडाचे नाव नाही. दगडी खोल्यांच्या ओळीपुढे कुंड होते, आणि ते कोरडे होते! एका फटीतून करंगळीएवढी वाफाळती धार पडत होती. तिच्यापुढे घागरी घेऊन पंचवीस-तीस दुखणाईत रांगेत बसले होते.

नागप्पा हात जोडून म्हणाले, "बाई, कार्ड टाकलं तवा कुंड भरलेलं होतं. पंधरा दिसांत खाली गेलं. आता मानशी दिवसाला एक घागर."

एका घागरीत काय बुडणार? सुमनबाई माझ्यावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. इतके दिवस त्या एकदाही रडल्या नव्हत्या. "आत्याबाई, परत चला. नशिबात नाही."

"परत जायला एसटी परवा हाय," भिमाबाई म्हणाल्या. "ऊठ. पेटीवरनं ऊठ."

त्यांनी कळशी जपून बाजूला ठेवली आणि माझ्यातले बाकीचे सामान खोलीच्या फरशीवर ओतले. मला उचलून बाहेर उन्हात मांडले. नागप्पांकडून घागर मागून घेतली, आपल्या वाट्याची भरून आणली, सुनेच्या वाट्याची आणली आणि दोन्ही माझ्यात रिकाम्या केल्या. एका कोपऱ्यातून पाणी झिरपू लागले. तिथे त्यांनी लुगड्याची चिंधी कोंबली आणि वर टाच दाबून बसल्या. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत आले. पण माझा काळा पत्रा वैशाखाच्या उन्हात असा तापला की पाणी निवेना. सुमनबाईंनी डोक्यावर पदर ओढून हातपाय माझ्यात सोडले.

ते पाणी मला झोंबत होते. झाकणावर शिंतोडे उडून फुलांचा रंग दुसऱ्याच दिवशी सुटला.

शेजारच्या खोलीतले धोंडप्पा काठी टेकत आले. "माय, माझी बी घागर ह्यात घाल. मग आळीपाळीनं बसू."

"घाला की," भिमाबाई म्हणाल्या. "आमची बी सोसायटीच झाली म्हनायची."

आणखी एक जण आला आणि चौघांच्या घागरी जमल्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढले. म्हाळसाबाई नावाची एक बाईही घागर घेऊन आली. तिने भिमाबाईंना आडनाव विचारले. ऐकल्यावर ती घागर घेऊन माघारी गेली. भिमाबाईंनी मान वर केली नाही. चिंधी तेवढी घट्ट दाबली.

पण कळशीतले पाणी खाली चालले होते. गोड पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्या खेपेला आला नाही. भिमाबाई सुनेला पेला भरून द्यायच्या आणि स्वतः फक्त ओठ ओले करायच्या. सहाव्या दिवशी धारेपुढच्या रांगेत त्या उभ्याच्या उभ्या कोसळल्या. सुमनबाईंना धावता येईना. त्या गुडघ्यांवर रांगत निघाल्या. "आत्याबाई! कुनी पानी द्या हो!" शाळेतली शुद्ध भाषा त्या विसरून गेल्या होत्या.

रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कुणाजवळच घोटभर जास्तीचे नव्हते. म्हाळसाबाई उठली. तिने आपला तांब्या भिमाबाईंच्या तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने आपली घागर माझ्यात ओतली आणि पाय आत सोडून बसली. कुणी कुणाला काही विचारले नाही.

आठव्या दिवशी टँकर आला. आम्ही तिथे सत्तावीस दिवस राहिलो. किती गुडघे आणि किती बोटे माझ्यात भिजली, मी मोजली नाहीत. सुमनबाई संध्याकाळी पाटीवर लिहायला बसत. आधी नुसत्या रेघा उमटल्या, मग वाकडे अक्षर आले. निघताना माझ्या तळाला तीन भोके पडली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. संध्याकाळी सुमनबाई घरी आल्या आणि दारातच थांबल्या. भिमाबाई चुलीपुढून उठल्या. "काय झालं गं?"

"दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी सही केली."

भिमाबाई तिथेच रडू लागल्या. सुमनबाईंच्या उजव्या हाताची करंगळी मात्र कधीच सरळ झाली नाही.

मग मी अंगणात आले. माझ्यात कडबा भरला, गोवऱ्या भरल्या, पुढे काहीच भरेना. आता त्या गोष्टीला अकरा वर्षे होतील. भिमाबाईंची कंबर तेव्हाच्या घागरींनी वाकली, ती वाकलीच. मागच्या आठवड्यात भंगारवाला आला. सुमनबाई म्हणाल्या, "ही द्यायची नाही. हिच्यामुळं माझी नोकरी राहिली."

बाजेवरून भिमाबाई हसल्या. "अगं, दे की! पत्रा हाय त्यो. पानी मान्सांनी घातलं व्हतं."

मित्रांनो, मला वाईट वाटले नाही. म्हातारी खरे तेच बोलली. आज ना उद्या मी भंगारात जाईन, मला राखून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात रोज पाणी वाहून आणणारे कुणीतरी असेल. उद्या सकाळी त्यांच्या हातातली घागर घ्या आणि एक खेप तुम्ही करा.